अंदाज हवा, अंदाजपंचे नको

यूट्यूब उघडा आणि ‘आफ्रिका डॉक्युमेंटरी’ असं टाइप करा. वर काय येईल हे न बघताही सांगता येतं. सिंह, चित्ते, ड्रोनवरून दिसणारं गवताळ रान. थोडं खाली गेलात की दुष्काळ, यादवी, कॅमेऱ्याकडे टक लावून बघणारी मुलं, आणि मागे खर्जातल्या आवाजात बोलणारा कुणीतरी परका माणूस. ५४ देशांचा खंड, हजारो भाषा, आणि आपल्या स्क्रीनवर त्याच्या दोनच गोष्टी : जनावरं आणि दैना.

आता शोध बदला. घानात जन्मलेल्या आणि नायजेरियात काम करणाऱ्या एल अनात्सुईचं नाव टाका. दारूच्या बाटल्यांची हजारो झाकणं आणि पत्र्याच्या पट्ट्या तांब्याच्या तारेनं जोडून तो भिंतभर पडदे उभे करतो. लांबून बघितलं तर भरजरी शालू वाटेल. किंवा बेनिनच्या रोमुआल्ड हाझुमेचं नाव टाका, जो फेकून दिलेल्या पेट्रोलच्या कॅनमधून मुखवटे घडवतो. इथे मात्र व्हिडिओ बरेचसे एकाच छापाचे निघतात. पांढऱ्या भिंतीची गॅलरी, मंद पियानो, कलाकाराची दोन वाक्यं आणि शेवटी गॅलरीचा लोगो. डॉक्युमेंटरीच्या वेशातली जाहिरातच म्हणा ना!

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी जागा आहे. थोड्या पैशांत, छोट्या टीमनं, हातात लिहून आणलेली स्क्रिप्ट न धरता, कलाकाराच्या जवळ बसून केलेली दहा-पंधरा मिनिटांची फिल्म. आजच्या आफ्रिकी कलेला तिची सगळ्यात जास्त गरज आहे, असं आमचं मत आहे. आणि मोबाइलमध्ये कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या आपल्या पिढीनं त्यातून शिकण्यासारखंही खूप आहे.

पुठ्ठ्याची गाडी

काँगोची राजधानी किन्शासा. एक कोटीहून जास्त लोकांचं शहर. इथे रस्त्यावर कॅमेरा काढणं सोपं नाही. लोकांना फोटो काढलेले आवडत नाहीत, पोलिसांना तर त्याहून नाही. किन्शासाच्या कला अकादमीत शिकलेल्या किरिपी काटेम्बो नावाच्या तरुणानं २००८ मध्ये यावर एक उपाय काढला. एका खेळण्यातल्या गाडीवर त्यानं मोबाइल फोन बसवला आणि ती गाडी एका लहान मुलीच्या हातात दिली. मुलगी दोरीनं गाडी ओढत गल्ल्यांमधून निघाली. फोन रेकॉर्ड करत राहिला. फिल्मचं नाव ‘व्हॉयतूर आँ कार्तों’, म्हणजे पुठ्ठ्याची गाडी.

जमिनीपासून वीतभर उंचीवरून शहर कसं दिसत असेल, विचार करा. चपला, खड्डे, चाकं, साचलेलं पाणी. खेळणं ओढणाऱ्या मुलीवर कोण कशाला संशय घेईल? त्यामुळे कॅमेऱ्यासमोर माणसं जशी एकदम ताठ होतात, तशी इथे होत नाहीत. क्रेन नाही, ट्रॉली नाही, परवानग्यांची फाइल नाही. अडचण होती तीच शैली झाली.

याच काटेम्बोनं पुढे फोटोंची एक मालिका केली. रस्त्यावर पावसाचं पाणी साचलं की त्यात पडलेलं शहराचं प्रतिबिंब टिपायचं आणि फोटो उलटा करून दाखवायचा. माणसं सरळ उभी दिसतात, पण पाण्यावरचा कचरा आणि दगड आकाशात तरंगताना दिसतात. लोकांच्या तोंडासमोर कॅमेरा धरायचा नाही, हे बंधन इथेही होतंच. २०१३ मध्ये फ्रान्सच्या आव्हिन्यों नाट्यमहोत्सवाच्या पोस्टरवर त्याचा फोटो झळकला. ऑगस्ट २०१५ मध्ये मलेरियानं तो गेला. वय होतं ३६.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. या विषयाची निकड त्यात आहे. पुठ्ठ्याची स्वप्ननगरं बांधणारा किन्शासाचाच बोडिस इसेक किंगेलेझ त्याच वर्षी गेला. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं ते २०१८ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर तीन वर्षांनी. संग्रहालयं कलाकृती जपतील. पण ती करताना हात कसे चालत होते, बाजूला कोण बसलं होतं, रेडिओवर काय लागलं होतं, हे कोण जपणार? मोठ्या बजेटची फिल्म यायची असेल तेव्हा येईल. माणूस तोवर थांबत नाही.

स्क्रिप्ट नाही म्हणजे तयारी नाही?

‘इंट्युइटिव्ह’ या शब्दाचा आपल्याकडे सोयीचा अर्थ लावला जातो. कॉलेजच्या फिल्म स्पर्धांमध्ये हे सर्रास ऐकू येतं : ‘आम्ही काही ठरवलंच नव्हतं, जाऊन शूट केलं, एडिटवर बघून घेतलं.’ याला मराठीत फार छान शब्द आहे, अंदाजपंचे दाहोदरसे! आजी भाजीत मीठ टाकते तेव्हा चमचा मोजत नाही, तोही अंदाजच असतो. पण त्या अंदाजामागे चाळीस वर्षांचा स्वयंपाक असतो. आपण पहिल्यांदा भाजी करताना डोळे मिटून मीठ टाकलं तर त्याला अंदाज म्हणत नाहीत.

जोहान्सबर्गचा विल्यम केंट्रिज घ्या. १९८९ पासून तो कोळशानं चित्रं काढून त्यांच्या फिल्म करतो. एका कागदावर चित्र काढायचं, कॅमेऱ्यानं एक-दोन फ्रेम घ्यायच्या, परत कागदापाशी जायचं, थोडं पुसायचं, थोडं वाढवायचं, परत कॅमेऱ्यापाशी यायचं. पुसलेल्याचे डाग कागदावर राहतात आणि तेच फिल्ममध्ये दिसत राहतात. वर्णभेदाच्या काळातलं, विसरू म्हटलं तरी न विसरता येणारं शहर त्या डागांमधून समोर येतं. केंट्रिज आधी स्क्रिप्ट लिहीत नाही, स्टोरीबोर्ड करत नाही. पुढचं चित्र काय असेल ते कागद आणि कॅमेरा यांच्या मधल्या त्या येरझाऱ्यांमध्ये सुचतं. स्क्रिप्ट नाही, पण दिवसभर कागदापाशी उभं राहणं आहे. अंदाज तिथून येतो.

दुसरं उदाहरण बाहेरून आलेल्या दिग्दर्शिकेचं. सुझन व्होगेल या अमेरिकन बाई. आफ्रिकी कलेच्या अभ्यासात आयुष्य काढलं, न्यूयॉर्कमध्ये १९८४ मध्ये आफ्रिकी कलेचं एक केंद्रच उभं केलं, आणि मग त्या फिल्म बनवायला शिकल्या. मालीचे फोटोग्राफर मालिक सिदिबे यांच्यावर त्यांनी २००६ मध्ये एक फिल्म केली, जेमतेम आठ मिनिटांची. सिदिबे म्हणजे साठच्या दशकात बामाकोच्या तरुणांच्या पार्ट्यांमध्ये जाऊन फोटो काढणारा माणूस. देश नुकताच स्वतंत्र झालेला, पोरंपोरी नटूनथटून ट्विस्ट नाचतायत, आणि फ्लॅश उडतोय. २००७ मध्ये व्हेनिस बिएनालेनं त्यांना जीवनगौरवाचा गोल्डन लायन दिला. हा मान मिळालेले ते पहिलेच आफ्रिकी कलाकार. २०१६ मध्ये ते गेले. आता ती आठ मिनिटं केवढ्या मोलाची झाली असतील!

व्होगेल यांनी पुढे अनात्सुईवर लांबीची फिल्म केली, तिचं नाव ‘फोल्ड क्रम्पल क्रश’. घडी घाल, चुरगाळ, चेप. नावात कलाकाराचं मोठेपण नाही, पुरस्कार नाही. तीन क्रियापदं आहेत, हातांनी करायची. कलाकारावर फिल्म करणाऱ्या प्रत्येकानं आपल्या विषयाची अशी तीन क्रियापदं आधी वहीत लिहावीत आणि मगच कॅमेरा काढावा. ती सापडत नसतील तर आपण अजून पुरेसं बघितलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कॅमेरा कुणाच्या खांद्यावर?

आफ्रिकी कला आणि कॅमेरा यांचं नातं साधं कधीच नव्हतं. १९५३ मध्ये क्रिस मार्कर आणि आलाँ रेने या दोन फ्रेंच तरुणांनी ‘पुतळेही मरतात’ अशा अर्थाच्या नावाची अर्ध्या तासाची फिल्म केली. मुद्दा सरळ होता. पूजेतली, वापरातली वस्तू उचलून युरोपातल्या काचेच्या कपाटात ठेवली की ती मरते. फिल्म वसाहतवादावर बोट ठेवते म्हणून फ्रेंच सेन्सॉरनं ती पूर्ण रूपात वर्षानुवर्षं दाखवू दिली नाही.

पुढे १९६५ मध्ये सेनेगलचे थोर दिग्दर्शक उस्मान सेम्बेन यांनी फ्रेंच दिग्दर्शक झाँ रूश यांना तोंडावर सुनावलं की तुम्ही आम्हाला किडे-मुंग्यांसारखे न्याहाळता. हे रूशना ऐकावं लागलं, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कारण त्यांनी काही वर्षं आधीच एक वेगळा प्रयोग केला होता. आबिजानच्या त्रेशव्हिल वस्तीतल्या, नायजरहून पोटासाठी आलेल्या मजुरांवर त्यांनी ‘मी, एक काळा माणूस’ अशा अर्थाच्या नावाची फिल्म केली. कॅमेऱ्याबरोबर आवाज रेकॉर्ड करायची सोय नव्हती. मग शूटिंग झाल्यावर रूशनी मूक फिल्म त्याच माणसांना दाखवली आणि म्हटलं, आता तुम्हीच बोला. ओमारू गांदा नावाचा मजूर पडद्यावरच्या स्वतःकडे बघून मनाला येईल तसं बोलत गेला. तोच गांदा पुढे स्वतः दिग्दर्शक झाला.

ही युक्ती आजही फुकट करता येते. कलाकाराचं काम मोबाइलवर शूट करा, ते त्यालाच दाखवा आणि बघताना तो जे बोलेल ते रेकॉर्ड करा. ‘तुमची प्रेरणा काय?’ या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर मिळतं. स्वतःचे हात बघताना माणूस खरं बोलतो : ‘हां, इथे तार तुटली होती.’

आणि माती दिओपची ‘दाहोमे’ बघाच. १८९२ मध्ये फ्रेंच सैन्यानं दाहोमे राज्यातून लुटून नेलेल्या वस्तूंपैकी २६ वस्तू नोव्हेंबर २०२१ मध्ये बेनिनला परत गेल्या, त्याची ही गोष्ट. २०२४ मध्ये तिला बर्लिनचा गोल्डन बेअर मिळाला. त्यात एक पुतळा फॉन भाषेत बोलतो, हे सगळे सांगतात. पण फिल्मचा जीव आहे तो आबोमे-कालाव्ही विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या वादविवादात. हजारो वस्तू नेल्या आणि २६ परत दिल्या, यावर खूश व्हायचं की चिडायचं? शाळेत फ्रेंच शिकून आपण आपल्याच वस्तूंशी कोणत्या भाषेत बोलणार? कुणी तावातावानं बोलतंय, कुणी रडतंय, कुणी टेबलावर हात आपटतंय. आपल्याच वयाची मुलं. त्यात एकही तज्ज्ञ नाही आणि त्यांच्याइतकं नेमकं कुणी बोलतही नाही.

गरिबीचे गोडवे नकोत

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कमी बजेटचं कौतुक करता करता आपण पैशांच्या टंचाईलाच सुंदर म्हणू लागतो, आणि ती लबाडी आहे. ‘आफ्रिकेतल्या फिल्ममेकर्सना पैसे लागत नाहीत, त्यांच्याकडे जुगाड आहे’ असं म्हणणं म्हणजे उपाशी माणसाच्या उपवासाचं कौतुक करण्यासारखं आहे. नायजेरियाची नॉलिवूड इंडस्ट्री व्हीएचएस कॅसेटवर उभी राहिली. १९९२ ची ‘लिव्हिंग इन बाँडेज’ थेट कॅसेटवर आली आणि घराघरांत पोचली. पण पैसे आल्यावर तिथल्या दिग्दर्शकांनी चांगले कॅमेरे घेतलेच. काटेम्बोची पुठ्ठ्याची गाडी मोठी आहे ती त्यातल्या कल्पनेमुळे. फोन स्वस्त होता म्हणून नव्हे.

दुसरं असं की, कमी बजेट म्हणजे कुणाचे तरी पैसे बुडवणं नाही. ‘एक्स्पोजर मिळेल’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, काहींनी वापरलंही असेल. भाषांतर करणाऱ्याला पैसे द्या. सबटायटल्स करणाऱ्याचं नाव द्या. कलाकाराच्या हाताखाली काम करणाऱ्यांची नावं द्या. अनात्सुईच्या एकेका पडद्यामागे न्सुक्काच्या स्टुडिओतले कितीतरी मदतनीस असतात. झाकणं चेपणारे, भोकं पाडणारे, तार ओवणारे. मोठ्या प्रदर्शनात भिंतीवर एकच नाव लागतं. छोट्या फिल्मला मात्र सगळ्यांचे चेहरे दाखवणं परवडतं. तिची खरी श्रीमंती हीच.

आता कामाचं बोलू

आठ-दहा मिनिटांची अशी फिल्म करायची तर काय लागतं?

पहिलं, आवाज. चित्र थोडं हललं तरी लोक बघतात, आवाज खराब असेल तर पुढे सरकतात. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर कॉलरला लावायच्या माइकवर घाला. कलाकार बोलत नसतानाचा आवाजही वेगळा रेकॉर्ड करा. पत्र्यावर पडणारी हातोडी, घासणारा कागद, बाहेरचा हॉर्न. पियानोची गरज पडणार नाही आणि म्युझिकच्या कॉपीराइटची कटकटही वाचेल.

दुसरं, कलाकाराच्या आधी साहित्याचा माग काढा. हाझुमेनं हे फार भारी केलंय. नायजेरियातून बेनिनमध्ये चोरट्या मार्गानं पेट्रोल आणणारे मोटारसायकलवाले असतात. जास्त पेट्रोल मावावं म्हणून ते प्लास्टिकचे कॅन आगीवर धरून फुगवतात. कॅन पातळ होतात, कधी फुटतात, माणसं मरतात. ‘ला बूश द्यु र्वा’ या आपल्या कामात हाझुमेनं असे तीनशेहून जास्त कॅन गुलामांच्या जहाजाच्या आकारात मांडले. कॅनचं तोंड माणसाच्या तोंडासारखं दिसतं. आणि त्याच कामाचा भाग म्हणून त्या मोटारसायकलवाल्यांची फिल्म शेजारी लावली. तेव्हाचे गुलाम आणि आजचे पेट्रोलवाले, दोन्ही ठिकाणी माणूस म्हणजे वाहून नेण्याचं साधन. हे कुठल्याही निवेदकानं समजावून सांगितलं असतं तर पोचलं नसतं. कॅन कुठून आला एवढंच दाखवलं आणि पोचलं.

तिसरं, एक जागा, एक दिवस, एक काम. ‘कलाकाराचा जीवनप्रवास’ आठ मिनिटांत मावत नाही. एक पडदा टांगायला किती माणसं लागतात, हे मावतं.

चौथं, रफ कट आधी ज्याच्यावर फिल्म आहे त्याला दाखवा. परवानगी शूटिंगच्या आधी घ्या, कॅमेऱ्यावर आणि कागदावर, त्याला कळणाऱ्या भाषेत. त्याचं एखादं वाक्य काढायला सांगितलं तर वाद घालण्याआधी कारण विचारा. राहायचं त्याला तिथेच असतं. आपण अपलोड करून मोकळे होतो.

पाचवं आणि सगळ्यात कंटाळवाणं, बॅकअप. दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय लेस्बियन आणि ट्रान्स माणसांची पोर्ट्रेट्स काढणारे कलाकार झानेले मुहोली यांच्या केपटाउनच्या घरी एप्रिल २०१२ मध्ये चोरी झाली. वीसहून जास्त हार्ड ड्राइव्ह गेले, त्यात बॅकअपचेही. काही वर्षांचं काम एका रात्रीत नाहीसं झालं. ज्या माणसांवर हल्ले होतात, ज्यांची दखल घ्यायला कुणी तयार नसतं, त्यांचा दस्तऐवज होता तो. तेव्हा दुसरी कॉपी दुसऱ्या घरात ठेवा. मित्राकडे, मावशीकडे, कुठेही, पण दुसऱ्या घरात.

आपला काय संबंध?

‘लागोस आणि बामाकोचं आम्हाला काय?’ असा प्रश्न पडला असेल तर तो रास्त आहे. एक उत्तर असं की, ही कला आता आपल्या दारात येते. डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या कोची-मुझिरिस बिएनालेची मांडणी गोव्यातले कलाकार निखिल चोप्रा आणि तिथल्याच एचएच आर्ट स्पेसेसनं केली, आणि त्यात जुनी गोणपाटं शिवून इमारतीच्या इमारती झाकणारा घानाचा इब्राहिम महामाही होता. दुसरं उत्तर त्याहून जवळचं आहे. पुण्यात आफ्रिकेच्या कितीतरी देशांतले विद्यार्थी वर्षानुवर्षं शिकायला येतात. त्यातले काही आपल्याच कॅन्टीनमध्ये, आपल्याच रांगेत असतात. आपण त्यांच्याशी किती बोलतो, हा प्रश्न आपला आपल्याला विचारायचा आहे. त्यांच्या गावात कोण चित्रं काढतं, कोण काय शिवतं, कोण काय जोडतं, हे त्यांना विचारायला कुठलाही फंड लागत नाही.

याचा अर्थ उद्या सगळ्यांनी विमानाचं तिकीट काढून आफ्रिकेवर फिल्म करायला निघावं असा नाही. उलट, ती फिल्म तिथल्या मुलामुलींनी करावी आणि आपण ती शोधून बघावी, क्लासमध्ये दाखवावी, सबटायटल्सना मराठी शब्द द्यावेत, हेही तितकंच मोठं काम आहे. कॉलेजच्या फिल्म क्लबनं वर्षातला एक शुक्रवार जरी यासाठी ठेवला तरी सुरुवात होईल. ‘दाहोमे’ ६८ मिनिटांची आहे, एका दुपारी बघून तिच्यावर भांडायलाही वेळ उरतो.

आणि ज्यांना कॅमेरा धरायचाच आहे त्यांनी आधी आपल्या गल्लीतला हात शोधावा. चांभाराचा, पाटी रंगवणाऱ्याचा, गणपतीचे डोळे आखणाऱ्याचा. त्याच्यापाशी चार दिवस नुसतं बसावं. पाचव्या दिवशी तीन क्रियापदं सापडतात का बघावं. सापडली, तर रेकॉर्डचं बटण दाबायला हरकत नाही.